मामीचा तिसरा आरसा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मामीचा फोन आला, तेव्हा मी पहिल्या देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहून सहलीची माणसं मोजत होतो.

"कुठे आहात रे तुम्ही? ऊन दाराशी येऊन उभं आहे."

"मामी, आज आधी देवळं. थडगं दुपारी. पावणेतीनला पोचतोच."

मामी बोलते तेव्हा घाबरायचं कारण नसतं, ती गप्प बसली की मात्र घरातल्या भांड्यांनासुद्धा कळतं.

"दुपारी," ती शेवटी म्हणाली. "बरं. आणि दुपारी ऊन कुठून आणणार आहेस? घरून?"

एवढं बोलून तिनं फोन ठेवला, आणि तिथंच, एकशे बाराव्या पायरीवर, माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमची कचेरी एका दिवसाची सहल काढते: दोन प्राचीन देवळं आणि डोंगरात कोरलेलं एका राजाचं थडगं. कित्येक वर्षं क्रम एकच होता: आधी थडगं, मग देवळं. त्याच्या आदल्या महिन्यात मला तिकिटं फाडण्यावरून उचलून वेळापत्रक करण्यावर बसवलं, तेव्हा मी डोकं चालवलं. देवळांना दोनशे पायऱ्या, त्या सकाळच्या गारव्यात चढाव्यात. थडगं डोंगराच्या पोटात, तिथं दुपारीही थंड. म्हणून सगळा क्रमच उलटा केला. मॅनेजरनी पाठ थोपटली, कागद छापून आले, तिन्ही ठिकाणच्या प्रवेशपत्रांवर वेळांचे शिक्के पडले, आणि त्या दिवशी नव्या क्रमाची पहिलीच सहल निघाली.

विसरलो फक्त सूर्य.

थडग्याचं दार पूर्वेला आहे. आत वीज नाही. भिंतीवरची चित्रं बघायला जो उजेड लागतो तो दाराबाहेर उभं राहून आरशानं आत टाकावा लागतो, आणि त्यासाठी ऊन अंगणात असावं लागतं. दुपारी एकनंतर सूर्य डोंगराच्या मागे सरकतो आणि अंगणावर सावली पडते. हे एखादा परका माणूस विसरला असता तर चालून गेलं असतं. पण तो आरसा धरणारी बाई माझी सख्खी मामी आहे. शाळेची सात वर्षं मी तिच्या घरी राहिलो. त्या घरात दाराआड जुन्या चादरीत गुंडाळून तो आरसा उभा असायचा, आणि त्याला धक्का लागला म्हणून मी जेवढा मार खाल्लाय तेवढा गणितासाठीही खाल्लेला नाही.

बरं, दिवस तरी कोणता निवडावा? त्याच दिवशी बसमध्ये तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, पुरातत्त्व कचेरीतल्या मॅडम बसल्या होत्या. मांडीवर करड्या रंगाचा डबा आणि डब्यात बॅटरीवरचा दिवा. थडग्यात आरसा चालू ठेवायचा की दिवे बसवायचे, हे त्यांना ठरवायचं होतं. आरशावर आक्षेप एकच होता, पण वजनदार: 'दुपारनंतर उपयोग शून्य.' मॅडमनी मुद्दाम साध्या सहलीतून येऊन आरशाचं काम बघायचं ठरवलं होतं. सकाळच्या उन्हात मामीनं त्यांना गार केलं असतं. मी त्यांना नेमकं दुपारी नेत होतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय.

दिवे आले की मामी घरी बसणार, आणि तिच्याबरोबर मामाही. कारण ते काम दोघांचं आहे.

मुळात आरसा धरायचं काम मामाचं. बावीस वर्षं त्यानं तो धरला. तरुणपणी त्याला वाटायचं, ऊन बरोबर पकडायचं तर सूर्यावर नजर हवी. नजर ठेवली आणि नजरच गेली. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच संध्याकाळी पुरातत्त्व कचेरीतला शिपाई आरसा न्यायला घरी आला. मामी म्हणाली, "पुसून ठेवायचाय. उद्या न्या." दुसऱ्या दिवशी शिपाई आला तेव्हा घराला कुलूप होतं आणि मामी आरशासकट थडग्याच्या दारात. तिला कोणी नेमलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. बावीस वर्षं रोज तो पुसताना तिनं जे बघितलं होतं तेवढ्या भांडवलावर ती उभी राहिली. पहिल्या दिवशी तिचा कवडसा भिंतीऐवजी छताला गेला आणि पाहुण्यांनी राजाऐवजी वटवाघळं बघितली. त्यातल्या एकानं सहल छान झाल्याचं पत्रही पाठवलं.

आठवडाभरात तिचा हात बसला. रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, कोपर कमरेला टेकलेलं. आणि एक नियम, जो मला ती तेव्हापासून ऐकवत आली आहे: "सूर्याकडे बघायचंच नाही. कवडशाकडे बघायचं. तुझ्या मामानं उलटं केलं."

मामाला तिनं घरी बसू दिलं नाही. दारातून येणारं ऊन वीस पावलं सरळ जातं, तिथं घोडीवर दुसरा आरसा आहे, तो ते वळवून आतल्या खोलीत टाकतो. खोलीत स्टुलावर मामा बसतो, हातात लाकडी चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड. ऊन कापडावर पडलं की सगळ्या खोलीत मऊ उजेड पसरतो. कापड कुठं धरायचं हे मामाला डोळ्यांनी कळत नाही. ऊन आधी त्याच्या तोंडावर येतं, त्यावरून तो सांगतो.

"आलं का?" मामी बाहेरून ओरडते.

"कानावर आलं. जरा उजवीकडे."

"आता?"

"हां, नाकावर. थांब. आणि रेडिओ बंद करून आलीस का?"

"तुम्हीच ऐकत बसला होतात!"

पाहुण्यांना वाटतं, हा प्राचीन विधींचाच काही भाग असावा. मामी म्हणते, "अंधारात नुसतं बसायचा पगार घेणारा जगात हा एकच माणूस आहे." मामा म्हणतो, "आणि हिचं ओरडणं ऐकायचे वेगळे मिळायला हवेत."

तर त्या दिवशी मी गाईडना गाठलं. ते शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

"मास्तर, दुसरं देऊळ राहू द्या. सरळ थडग्याकडे जाऊ या."

त्यांनी प्रवेशपत्र माझ्या नाकासमोर धरलं. "वेळ काय छापलीय? पावणेतीन ते चार. त्याआधी आतलं दार उघडणार नाहीत. तुझं वेळापत्रक, बाळा, आता शिलालेख झालंय."

दुसऱ्या देवळात मास्तर खांबांविषयी बोलत होते आणि मी खांबाआड लपत होतो. मॅडमनी मला तिथंही शोधलं.

"थडग्यात दुपारी आरसा चालतो?"

खरं सांगावं तर मामी बुडत होती, खोटं सांगावं तर मी. मी म्हणालो, "आजवर कोणी करून बघितलेलं नाही." हे खरंही होतं आणि खोटंही नव्हतं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. छोटंसंच लिहिलं, म्हणून जास्त भीती वाटली.

साडेअकराला मामीचा दुसरा फोन.

"मास्तरांना म्हणावं, भाषण आवरतं घ्या. अडीचला पोचा. आणि ड्रायव्हरकडे स्क्रू काढायचं काही असेल तर ते हातात घेऊनच उतर."

"मामी, चूक माझी..."

"ती मला माहीत आहे. चूक बसमध्येच ठेव, पान्हे आण."

अडीचला आम्ही पोचलो. अंगणभर सावली, अगदी झाडून पसरल्यासारखी. मामी थडग्याच्या दारात नव्हती. अंगणाच्या मधोमध, दाराकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून उभी होती आणि समोरच्या विश्रामगृहाकडे बघत होती. ते अंगणाच्या पूर्व टोकाला, दारापासून साधारण सत्तर पावलांवर. डोंगराची सावली अजून तिथं पोचली नव्हती. त्याची पांढरी भिंत उन्हात तळपत होती.

"ती वरची खिडकी दिसते?" माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. "रोज तीनच्या सुमाराला तिची काच आपल्या दारावर कवडसा टाकते. बशीएवढा. सहा वर्षं बघतेय. घरी जायची वेळ झाली असं समजायचे मी त्यावरून." मग माझ्याकडे वळली. "खिडकीच्या काचेनं बशीएवढा येतो. आरशानं किती येईल?"

तिचे दोन्ही आरसे आत लागणार होते, एक उंबरठ्यावर आणि एक वळणावर. तिसरा हवा होता. ड्रायव्हरनं उदार होऊन बसचा बाजूचा आरसा देऊ केला. मामीनं त्यावरून नुसता हात फिरवला.

"हा फुगीर आहे, ऊन सांडेल. सपाट हवा. विश्रामगृहाच्या न्हाणीघरात आहे तसा."

विश्रामगृहाचा रखवालदार दारात आडवा झाला. "सरकारी आरसा आहे! लोकांनी तोंड कशात बघायचं?"

"एक तास नाही बघितलं तर कोणाचं नाक पळून जात नाही," मामी म्हणाली. "आणि तुमचं मिशीचं काम झालेलं दिसतंय."

रखवालदारानं नकळत मिशीला हात लावला. तेवढ्यात मी आत.

आरसा चांगला हातभर रुंद आणि दीड हात उंच होता, वर 'नळ बंद करा' अशी चिठ्ठी चिकटवलेली. ती मी नखांनी खरवडली. चार स्क्रू काढले, आरसा छातीशी धरला आणि गच्चीवर चढलो. मामीनं खालून सूचना दिल्या: कठड्यावर टेकव, खाली रुमाल घाल म्हणजे घसरणार नाही, कोपरं अंगाला चिकटव, आणि सूर्याकडे बघितलंस तर खाली उतरल्यावर कान उपटीन.

आरसा धरणं किती सोपं दिसतं! हातात घेतल्यावर कळलं की इथं केसभर हललं तर तिकडे सत्तर पावलांवर कवडसा दोन माणसं ओलांडून जातो. माझा कवडसा आधी डोंगराच्या माथ्यावर गेला, मग बसवर, मग डबा खात बसलेल्या ड्रायव्हरच्या तोंडावर. मग काही काळ कुठेच सापडेना. सहलीतली माणसं अंगणात उभी राहून माना वळवत होती, टेनिसचा सामना बघतात तशी.

"अरे, दाढी करतोयस का? धर नीट!" मामी उंबरठ्यावरून ओरडली. "श्वास सोड. सोडलास? आता घेऊ नकोस!"

श्वास न घेता मी आरसा तिळभर वळवला. कवडसा अंगणातून सरपटत निघाला, पायऱ्या चढला, मामीच्या चपलांवर आला, गुडघ्यावर आला, आणि तिनं आपला आरसा असा पुढे केला, जसं कोणी पडतं मूल झेलावं. उंबरठ्यावर लख्ख झालं, आणि मास्तर सगळ्यांना घेऊन कडेकडेनं आत गेले, पाठोपाठ ड्रायव्हरही.

पुढचं मला दिसलं नाही. ऐकू आलं तेवढं सांगतो.

मामीचा आवाज: "आलं का हो?"

मग डोंगराच्या पोटातून मामा: "कुठून टाकतेयस ग? हे गुडघ्यावर आलंय!"

"गुडघ्यावर?"

"तोंडावर नाही, गुडघ्यावर! असं कधी आलं नव्हतं!"

गच्ची उंच. तिथून येणारं ऊन उतरतं जात होतं, म्हणून आतही ते खाली पडत होतं. मामी ओरडली, "मग तुम्ही खाली बसा की! ऊन काय स्टुलावर चढून येणार आहे?" त्यावर लाकूड सरकल्याचा आवाज, मामाचं कण्हणं, आणि मग जे ऐकू आलं ते मी जन्मात विसरणार नाही. बेचाळीस माणसांचा एकदम 'आ'. आणि पाठोपाठ हसू. थडग्यात कधी कोणाला इतकं खळखळून हसताना मी ऐकलं नव्हतं.

आत काय झालं ते मला मास्तरांनी सांगितलं, ड्रायव्हरनं सांगितलं, आणि पुढे जो भेटला त्या प्रत्येकानं सांगितलं. सकाळचं ऊन भिंतीच्या वरच्या भागावर पडतं, तिथं राजा आहे, राण्या आहेत, हात जोडलेले सरदार आहेत. खालची रांग कायम मामाच्या चौकटीच्या सावलीत राहायची. आहे एवढं माहीत होतं, मास्तर 'इतर सेवकवर्ग' म्हणून ती एका वाक्यात उरकत. दुपारी ती उजळली. जाळं ओढणारे कोळी, रंधा मारणारा सुतार, डोक्यावर माठ घेतलेल्या बायका, त्यातली एक मागे वळून दुसरीशी भांडणारी. आणि अगदी कोपऱ्यात एक माणूस उकिडवा बसून जेवतोय, दोन्ही गाल फुगलेले. सकाळपासून देव आणि राजे बघून थकलेल्या माणसांनी त्या जेवणाऱ्याला टाळ्या वाजवल्या. मास्तर पहिल्यांदाच गप्प झाले, कारण त्याच्याबद्दल त्यांना काहीच पाठ नव्हतं.

मॅडमनी आपलं काम सोडलं नाही. त्यांनी मामाला कापड आडवं घालायला सांगितलं आणि डब्यातला दिवा लावला. उजेड भरपूर पडला, सगळीकडे सारखा. कोळ्यांचं निळं पाणी पांढुरकं झालं, जेवणाऱ्याचे गाल सपाट झाले. ड्रायव्हर म्हणाला, "दवाखान्याच्या भिंतीसारखं दिसायला लागलं हो." मॅडमनी दिवा बंद केला. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच बाहेर आवाज दिला, "बाई, टाका पुन्हा!"

'पुन्हा' म्हणजे मी. तोवर माझे हात गेले होते, रुमाल घामानं भिजला होता, आणि सावली अंगण ओलांडून विश्रामगृहाच्या पायरीला लागली होती. पंधरा मिनिटांनी ती गच्चीवर आली असती. तेवढा वेळ मी धरला. मामी दर मिनिटाला ओरडत होती, "तिळभर डावीकडे. आता असू दे. शाबास." मामीच्या तोंडून शाबास मी आयुष्यात दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा त्याच दुपारी.

सावलीनं आरसा गिळला, तसा मी खाली उतरलो. दारात मॅडम आणि मामी समोरासमोर.

"हे रोज करता येईल?" मॅडमनी विचारलं.

"ऊन असेल तर रोज."

"आणि ढग आले तर?"

"तर तुमचा दिवा आहे की. त्यालाही काहीतरी काम नको का?"

मॅडम हसल्या नाहीत, पण वहीतलं आधीचं पान त्यांनी उभं-आडवं खोडलं. ते मी स्वतः पाहिलं. मामा तेवढ्यात भिंत चाचपत बाहेर आला, पँटच्या गुडघ्यांना धूळ. तो मॅडमच्या दिशेनं, म्हणजे दोन हात चुकीच्या दिशेनं, हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, बावीस वर्षं मी बाहेर होतो, सहा वर्षं आत आहे. हे ऊन नवं आहे. हे हिचं आहे."

मामीनं टोपी काढून उगाच झटकली. "चला, धूळ झटका ती," ती मामाला म्हणाली. "बोलताय किती!"

सहा आठवड्यांनी पत्र आलं. आरसे कायम. रोज दोन फेऱ्या, सकाळची आणि दुपारची. दोघांना रोजाऐवजी महिन्याचा पगार. दिवा फक्त ढगाळ दिवसांसाठी. मामीच्या हुद्द्यापुढे 'प्रकाशव्यवस्थापक' असं लिहिलं होतं. ते मी मोठ्यानं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "मी आपली आरसेवाली बरी. हे नाव हाक मारेपर्यंत ऊन जाईल." तरी पत्र माझ्याकडून तिनं दोनदा वाचून घेतलं, आणि मी निघाल्यावर मामाला तिसऱ्यांदा पाठ म्हणून दाखवलं. जिन्यात उभा राहून मी ऐकलं.

आमच्या कचेरीच्या दारावर आता पाटी आहे: 'खास दुपारचे दर्शन'. क्रम उलटा करण्याची दूरदृष्टी आपली होती असं मॅनेजर येईल त्याला सांगतात. मी मान डोलावतो. चुकीचं श्रेय कोणी मागून घेत असेल तर आपण कशाला आड यावं?

राहिलं एकच. त्या दुपारी बेचाळीस माणसांनी बघितलं, मामीनं शेवटच्या दोन मिनिटांत मास्तरांच्या हाती आरसा देऊन डोकावून बघितलं, मामानं गुडघ्यांवर झेललं. जो गच्चीवर होता त्यानं फक्त भिंत, अंगण आणि मामीच्या चपला बघितल्या. घरी जाताना मामी म्हणाली होती, "तुझं बघणं बाकी राहिलं रे. एक दिवस मी वर उभी राहते, तू आत जा. कबूल." गच्चीवर नवा आरसा आला, पण त्याची घोडी अजून कुठल्यातरी फायलीत मंजुरीची वाट बघत उभी आहे. तोवर तिथं हात लागतो, आणि मामीच्या मते तो हात माझाच. एकदा मास्तरांना उभं करून बघितलं, ते आरशातही भाषण करायला लागले आणि कवडसा त्यांच्या हातवाऱ्यांबरोबर डोंगरभर फिरला.

काल पुन्हा आठवण करून दिली. "मामी, माझा जेवणारा माणूस?"

"कुठं पळून जातोय तो?" ती उंबरठ्यावरून म्हणाली. "इतकी वर्षं त्याचं जेवण संपलं नाही. कोपर आत घे. तिळभर उजवीकडे."